जुनी मोटरबोट घेताय? इंजिन जोर का धरत नाही, ते पैसे मोजण्याआधी शोधा

थ्रॉटल पूर्ण पुढे ढकललाय, इंजिन ओरडतंय, मागे फेसाचा डोंगर उठलाय, बोटीचं नाक आभाळाकडे. बोट मात्र पाण्यावर उठायचं नाव घेत नाही. शेजारी उभा असलेला विकणारा शांतपणे म्हणतो, "तळाला शेवाळ बसलंय हो, घासलं की पळेल."

गंमत अशी, की तो खरंही बोलत असेल. शेवाळाने असं होतं. चुकीच्या पंख्याने, म्हणजे प्रोपेलरने, होतं. टाकीच्या हवेच्या भोकात किड्याने घर केलं तरी होतं, आणि एखादा पिस्टन वितळला असला तरी होतं. लक्षण एकच, कारणं वीस. त्यातलं एखादं दहा मिनिटांत सुटतं, तर एखाद्यापायी बोटीच्या किमतीहून जास्त पैसे इंजिनात जातात.

तुम्ही बोट घ्यायला गेलाय, दुरुस्त करायला नाही. त्यामुळे नेमका कोणता नट ढिला आहे हे कळलं नाही तरी चालेल. दुखणं बोटीचं आहे, पंख्याचं आहे, इंधनाचं आहे की इंजिनाच्या पोटातलं, एवढं मात्र कळायलाच हवं. खालचा क्रम त्यासाठीच आहे: आधी फुकटात आणि नुसत्या डोळ्यांनी होणाऱ्या तपासण्या, मग साध्या हत्यारांच्या, शेवटी मेकॅनिकच्या. नवखे लोक बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतात.

१. निघण्याआधीचा फोन

पहिली विनंती: "मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका." गरम इंजिन बरेच दोष झाकतं. कमी कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब), अडकणारा चोक, थकलेली बॅटरी, गळके इंजेक्टर हे सगळं गार इंजिनातच उघडं पडतं.

दुसरं, इंजिनाचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि त्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेली फुल थ्रॉटलची आरपीएम (मिनिटाला फेरे) मर्यादा शोधून कागदावर लिहा. बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवलेल्या बऱ्याच इंजिनांना, म्हणजे आउटबोर्डना, ती ५००० ते ६००० च्या आसपास असते. आत इंजिन आणि बाहेर ड्राइव्ह असलेल्या पेट्रोल स्टर्नड्राइव्हना त्याहून कमी, कुठे ४४०० ते ४८००, तर कुठे ४८०० ते ५२००. हा आकडा जवळ नसेल तर पाण्यातली चाचणी म्हणजे नुसती फेरी. वारा लागतो, मजा येते, कळत काहीच नाही.

मग साधे प्रश्न: इंजिन शेवटचं कधी चाललं? टाकीतलं पेट्रोल कधीचं आहे? बोट खाऱ्या पाण्यात असायची की गोड्या? पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर कधी बदलला? इंपेलरच्या प्रश्नाला माणूस गोंधळला, तर देखभालीचा अंदाज तिथेच येतो.

कंपनी कोणती हेही आत्ताच बघा, कारण सुटे भाग मिळणार की नाहीत ते त्यावर ठरतं. एव्हिनरूड हे नाव १९०९ पासून आउटबोर्डशी जोडलेलं होतं, तरी बीआरपी कंपनीने २०२० मध्ये त्या इंजिनांचं उत्पादन थांबवलं. अशी इंजिनं आजही छान चालतात. पण एखादा खास सेन्सर किंवा कंट्रोल युनिट गेलं तर ते कुठून आणायचं, हे सौद्याच्या आधी विचारून ठेवलेलं बरं.

सोबत न्यायचं सामान: प्लग पाना, कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर, टॉर्च, न पुसणारा मार्कर पेन, पांढरं फडकं, काचेची छोटी बाटली, जीपीएस असलेला फोन. आणि एक सोबती. चाचणीत एकाने बोट चालवायची आणि दुसऱ्याने आकडे लिहायचे. दोन्ही एकट्याने करू नका.

२. किल्ली फिरवण्याआधी

पोचल्या पोचल्या इंजिनाच्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागलं, तर "सकाळी जरा चालवून पाहिलं" याचा अर्थ विचारा आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी या.

वरचं झाकण काढा. सिलिंडर हेडवरचा रंग फुगलाय, तडकलाय किंवा करपलाय का? इंजिन कधीतरी जबर तापल्याची ती खूण आहे. सगळं जुनाट आणि हेड तेवढं नव्या रंगाचं असेल तर कारण विचारा. हेडचे बोल्ट आणि थर्मोस्टॅटच्या झाकणाभोवती मिठाची पांढरी रेघ दिसली तर तिथून खारं पाणी झिरपतंय.

इंजिन चार-स्ट्रोक असेल तर ऑइलची पट्टी काढून फडक्यावर पुसा. दुधाळ दिसलं तर ऑइलमध्ये पाणी. पेट्रोलचा भपकारा आला आणि पातळी खुणेच्या वर असली तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. काळेपणाला घाबरू नका, वापरलेलं ऑइल काळंच असतं.

आता खाली, गिअरकडे. विकणाऱ्याच्या परवानगीने गिअर ऑइलचा खालचा स्क्रू जरा ढिला करून चार थेंब बघा. इंजिन बराच वेळ उभं असेल तर पाणी तळाशी साचतं, म्हणून सर्वात आधी तेच बाहेर येतं. दुधट रंग म्हणजे सील गेलंय. स्क्रूच्या चुंबकावर बारीक पिठासारखा लेप असेल तर चालतं, पण बोटाला टोचणारे तुकडे म्हणजे गिअरचे दात. मराठीत "कुठेतरी पाणी मुरतंय" म्हणतात, ते बोटीच्या बाबतीत अक्षरशः तपासायचं असतं.

पंख्याची पाती चेपलेली, तुटलेली नाहीत ना बघा आणि त्यावर कोरलेले आकडे लिहून घ्या. १४ × १९ असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा इंचांत व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदोपत्री किती इंच पुढे जाईल ते. मग मार्करने पंख्याच्या आतल्या धातूच्या नळीवरून रबरावर आणि तिथून बाहेरच्या भागावर एक सरळ रेघ ओढा. ती कशासाठी, ते पुढे येईल.

शेवटची गोष्ट थ्रॉटलची केबल. नवखेच काय, जुनेजाणतेही ती विसरतात. किल्ली काढा, सेफ्टी दोरी (जी सुटली की इंजिन बंद पडतं) काढा. सोबत्याला लिव्हर पूर्ण पुढे ढकलायला सांगा आणि तुम्ही इंजिनापाशी उभं राहून बघा: थ्रॉटलची पाकळी खरोखर पूर्ण उघडून टोकाच्या अडणीला टेकते का? इंजिन बंद असताना गिअर पडायला अडखळला तर पंखा हाताने थोडा फिरवावा लागतो. एका बोटीवर मी पूर्ण दिवस कार्बोरेटर उघडून साफ करत बसलो होतो, आणि केबल एका बाजूला सरकल्याने पाकळी जेमतेम पाऊण उघडत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या इंजिनाला ही तपासणी लागू नाही, तिथे संगणक जोडूनच बघावं लागतं.

३. गार इंजिन सुरू करणं

बोट जमिनीवर असेल तर पाणी शोषणाऱ्या जाळ्यांवर रबरी कप लावून नळ सोडल्याशिवाय किल्ली फिरवू देऊ नका. "दोन सेकंदच" म्हणून कोरडं चालवलं तरी इंपेलरचं रबर घासून खराब होतं. नळावर चालवताना आयडलच्या जरा वर, इतकंच. पंख्याजवळ कोणी उभं राहायचं नाही. आत बसवलेलं पेट्रोल इंजिन असेल तर आधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे आतली हवा बाहेर फेकणारा पंखा, चालवा आणि इंजिनाच्या खोलीत नाक घालून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर चाचणी तिथेच थांबवा.

बॅटरीवर मल्टिमीटर लावा. आरामात असलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर फिरताना ती १० च्या बरीच खाली गेली, तर बॅटरी थकली आहे किंवा जोडण्या गंजल्या आहेत. इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. इंजेक्शनच्या इंजिनाला व्होल्टेज कमी पडलं की ते भलतीच लक्षणं दाखवतं, आणि लोक महागडे सेन्सर बदलत बसतात.

किल्ली चालू करताच बहुतेक नव्या इंजिनांचा अलार्म एकदा वाजतो. वाजला नाही तर तो तुटला आहे, किंवा कोणीतरी तोडला आहे. तोडला असेल तर का, हा प्रश्न सोडू नका.

सुरू झाल्यावर धूर बघा. दोन-स्ट्रोकचा गार असताना थोडा निळसर धूर स्वाभाविक आहे. चार-स्ट्रोकने गरम झाल्यावरही निळा धूर सोडला तर ते ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा आणि न थांबणारा धूर पाण्याची वाफ असू शकतो. आउटबोर्डच्या बाजूने पाण्याची बारीक धार लगेच पडायला हवी. धार नसेल तर आधी त्या भोकात नायलॉनचा जाड दोरा घालून बघा, मीठ किंवा किड्याचं घर अडकलेलं असतं. मात्र धार जोरात आहे म्हणून इंजिन आतून गार आहे असं नाही. ती फक्त पंप पाणी ओढतोय एवढंच सांगते.

नळावर गोड आवाजात चालणारं इंजिन बघून सौदा करू नका. तिथे त्याच्यावर काहीच भार नसतो. सहापैकी एक सिलिंडर मेलेलं इंजिनही आयडलवर बऱ्यापैकी साळसूद वाटतं.

४. पाण्यात: एक आकडा मिळवायचा

बोटीत नेहमी जेवढी माणसं आणि सामान असणार त्याच्या जवळपास वजन घ्या. रिकामी बोट कोणीही पळवतं. सेफ्टी दोरी चालवणाऱ्याला बांधा, बाकीचे खाली बसलेले. इंजिन आधी दहा मिनिटं सावकाश चालवून नीट गरम होऊ द्या.

मग ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, पूर्ण आत घेऊन लिव्हर एका दमात पुढे. नाक वर येईल, मग खाली येऊन बोट पाण्याच्या पृष्ठभागावर सरकू लागेल, यालाच प्लेनिंग म्हणतात. याला लागलेले सेकंद लिहा. आता ट्रिम हळूहळू बाहेर काढत जा, जोवर वेग वाढतोय आणि पंखा हवा ओढत नाही तोवर. मोकळ्या, शांत पाण्यात फुल थ्रॉटलवर अर्धा मिनिट थांबा आणि तीन गोष्टी लिहा: आरपीएम, जीपीएसचा वेग, व्होल्टेज. वारा किंवा प्रवाह असेल तर दोन्ही दिशांनी चालवून सरासरी काढा.

जुन्या काट्याच्या टॅकोमीटरवर, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या मीटरवर, आंधळा विश्वास नको. त्याच्या मागे इंजिनाच्या प्रकारानुसार लावायचं एक बटण असतं. ते चुकीच्या जागी असेल तर आकडाच चुकीचा येतो. नव्या इंजिनांत लॅपटॉप जोडून खरा आकडा मिळतो. शिवाय जुने फॉल्ट कोड आणि कोणत्या आरपीएमला किती तास चाललं याचा हिशेबही निघतो. तो कागद मागाच. हौशी बोटी वर्षाला साधारण ५० ते १०० तास चालतात. वीस वर्षांत जेमतेम सव्वाशे तास झालेलं इंजिन ऐकायला छान वाटतं, पण वापराविना पडून राहिलेल्या रबराचं, सीलचं आणि कार्बोरेटरचं काय होतं हे ज्याने उघडून पाहिलंय त्याला त्या आकड्याचा मोह होत नाही.

५. आकडा काय सांगतो

आता घरून लिहून आणलेली मर्यादा आणि मिळालेला आकडा शेजारी ठेवा. तीनच शक्यता आहेत.

*आरपीएम बरोबर, वेग कमी.* इंजिन आपलं काम करतंय, ताकद पाण्यात वाया जातेय. इथे एक सोपं गणित उपयोगी पडतं. आरपीएमला पिचने गुणा, आणि गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे) गुणिले ६५६ या संख्येने भागा. उत्तर येतं ताशी किलोमीटरमध्ये. उदाहरणार्थ ५४०० आरपीएम, १७ पिच, २.०० रेशो: कागदावर ताशी ७० किलोमीटर. जीपीएसने ६० दाखवले तर घसरण १४ टक्के. हलक्या प्लेनिंग बोटीला १० ते २० टक्के घसरण नेहमीची. जीपीएसने ४८ दाखवले तर ३१ टक्के वाया गेले. मग तळ घाणेरडा असेल, पाती वाकलेली असतील किंवा इंजिन मागच्या फळीवर चुकीच्या उंचीला बसवलेलं असेल. फळीवर टेकलेल्या आउटबोर्डची पंख्यावरची आडवी पट्टी ढोबळमानाने बोटीच्या तळाच्या रेषेत असते.

*आरपीएम जास्त, वेग कमी.* लिव्हर ढकलताच इंजिन किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. पंखा हवा ओढतोय, पिच फार कमी आहे, किंवा पंख्याच्या आतलं रबर सुटलंय. परत आल्यावर ती मार्करची रेघ बघा. बाहेरची आणि आतली रेघ एका ओळीत राहिली नसेल तर रबर घसरतंय. हे दुखणं स्वस्तातलं, आणि विकणाऱ्यालाही माहीत नसेल तर दोघांनाही आनंद.

*आरपीएम कमी.* खरी डोकेदुखी इथे आहे. पहिला संशय पंख्यावर घ्या. मागच्या मालकाने जास्त पिचचा पंखा चढवला असेल तर इंजिन बिचारं चौथ्या गिअरमध्ये चढ चढतंय. पिच एक इंचाने कमी केली की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढते. इंजिन ३०० ने मागे असेल तर दोन इंच कमी पिचचा पंखा हे उत्तर असू शकतं. १५०० ने मागे असेल तर पंख्याला दोष देऊन चालणार नाही.

दुसरा संशय वजनावर. जुन्या बोटींच्या दुहेरी तळातल्या फोममध्ये पाणी शिरलेलं असतं, आणि ते निघत नाही. बोट ट्रेलरवर असेल तर वजनकाट्यावर नेऊन कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. इंजिन, टाकी आणि ट्रेलर वजा केल्यावरही शेकडो किलो जास्त भरत असतील तर इंजिन निर्दोष आहे, पण बोट घेऊ नका. समुद्रसपाटीपासून खूप उंच जलाशयावर चाचणी असेल तर तेही हिशेबात धरा, दर ३०० मीटरला साध्या इंजिनाची ताकद सुमारे ३ टक्क्यांनी घटते.

तिसरं: इंजिन गुळगुळीत चालतंय, पण एका ठरावीक आकड्यापलीकडे जातच नाही आणि अलार्म वाजतोय. हा बचावाचा मोड. तापमान, ऑइलचा दाब किंवा एखादा सेन्सर बिघडल्याने संगणकाने स्वतःच लगाम खेचलाय. लिव्हर मागे घ्या, चाचणी थांबवा, कोड वाचून घ्या.

यातलं काहीच नसेल तर आता इंधन.

६. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून

वेगात ताकद पडण्याचं मला सर्वात जास्त वेळा सापडलेलं कारण इंधन आहे. लक्षणही ओळखीचं: सुरुवातीला बोट छान उठते, अर्धा-एक मिनिट पळते, मग कोणीतरी मागून दोरी ओढल्यासारखी मंदावते. सावकाश चालवली की पुन्हा ठीक.

असं झालं की इंधन नळीतला रबरी फुगा हातात घ्या. चालवणाऱ्याने लिव्हर पुढेच ठेवायची. फुगा आत ओढला जाऊन चपटा झालाय? मग अडथळा फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला आहे: हवेचं भोक बंद, टाकीतली जाळी तुंबलेली, किंवा टाकीवरचा उलटप्रवाह रोखणारा झडप अडकलेला. टाकीचं झाकण सैल करताच जोर परत आला तर हवेचं भोकच दोषी. फुगा चपटा नाही, पण हाताने दाबत राहिलं की इंजिन जोर धरतं? मग इंजिनावरचा पंप कमजोर आहे किंवा कुठल्यातरी जोडणीतून हवा शिरतेय. जुन्या नळीचा आतला थर सुटून पडद्यासारखा आडवा येतो, बाहेरून नळी नवीकोरी दिसते. यातलं काहीही बोट सोडून देण्याइतकं गंभीर नाही.

पुढची पायरी म्हणजे वेगळी छोटी टाकी. ताजं पेट्रोल, नवी नळी, नवा फुगा घेऊन ती थेट इंजिनाला जोडा आणि तीच चाचणी पुन्हा करा. बोट पळाली तर इंजिन बरं आहे, दोष टाकी ते इंजिन या प्रवासात आहे. सगळ्या लेखातली एकच युक्ती लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आत बसवलेल्या इंजिनांवर मात्र हे मेकॅनिककडूनच करून घ्या. बंदिस्त जागेत उघडं पेट्रोल हा खेळ नाही.

फिल्टरमधलं इंधन काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा. पाणी खाली बसतं आणि दोघांमधली सीमारेषा स्पष्ट दिसते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा शोषतं, आणि प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. टाकीतून इंधन उचलणारी नळीही नेमकी तळाशीच असते. शिळं पेट्रोल वार्निशासारखं वास मारतं, आणि तेच कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट होऊन बसतं.

"फक्त कार्बोरेटर साफ करायचेत" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. खरंही असेल. पण एवढंच होतं तर बोट विकायला काढण्याआधी का नाही केलं, हे हसत हसत विचारून बघा. "करून घ्या, मग मी पुन्हा येतो" या वाक्यावर समोरच्याचा चेहरा काय होतो ते बघण्यासारखं असतं.

७. प्लग आणि कॉम्प्रेशन

वेगळ्या टाकीवरही इंजिन मिसिंग मारत असेल तर सगळे प्लग काढा आणि ज्या सिलिंडरचा जो, त्या क्रमाने मांडा. एकटा प्लग फार सांगत नाही, शेजाऱ्यांशी तुलना सांगते. सगळे फिक्या तपकिरी रंगाचे असतील तर उत्तम. सगळे काळे काजळलेले असतील तर मिश्रण दाट आहे किंवा बोट नेहमी सावकाशच चालवली आहे. एकच ओला असेल तर त्या सिलिंडरला ठिणगी मिळत नाही. पांढरा, फोड आलेला प्लग म्हणजे मिश्रण पातळ किंवा सिलिंडर तापलेला. आणि एक प्लग नवा असल्यासारखा स्वच्छ, किंवा गंजलेला असेल तर कान टवकारा. तिथे पाणी जातंय, वाफेने तो धुऊन निघालाय.

प्लग बाहेर आहेतच, तर कॉम्प्रेशन घेऊन टाका. बॅटरी भरलेली हवी, थ्रॉटल पूर्ण उघडा, सेफ्टी दोरी काढून इग्निशन बंद. काही इंजिनांत दोरी काढली की स्टार्टरही फिरत नाही. तिथे प्लगच्या वायरी ब्लॉकला टेकवून अर्थ कराव्या लागतात. इंजेक्शनचं इंजिन असेल तर इंधनही बंद करा. गेज लावून काटा वर चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवा, प्रत्येक सिलिंडरला सारखाच वेळ.

इथे मोठ्या आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. गेज स्वस्तातला असला तर सगळेच आकडे थोडे कमी-जास्त येतील, चालतं. काही लहान चार-स्ट्रोक इंजिनांत सुरू होताना दाब सोडणारी यंत्रणा असते, तिथेही आकडा कमीच दिसतो. पण सिलिंडरांमध्ये फरक साधारण १० टक्क्यांच्या आत हवा. १२०, ११८, १२१ आणि चौथा ८५, तर त्या चौथ्यात काहीतरी मोडलंय. चार-स्ट्रोक असेल तर त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर संशय त्या दोघांमधल्या गॅस्केटवर.

विकणारा कॉम्प्रेशन घेऊ देत नसेल तर माझ्यापुरता सौदा तिथे संपतो. प्लग काढून बघण्यात कोणाचंही काही बिघडत नाही.

८. आत बसवलेली इंजिनं आणि डिझेल

समुद्राचं पाणी थेट इंजिनातून फिरवून गार होणाऱ्या पेट्रोल इंजिनांचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरातला धूर बाहेर नेणारे भाग) आणि त्यावरचे कोपरे आतून गंजतात. खाऱ्या पाण्यात त्यांचं आयुष्य साधारण ५ ते ७ वर्षं धरतात. ते फुटले की पाणी बाहेर न जाता सिलिंडरात उतरतं. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून ते कधी बदलले याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेच नाहीत असं धरून भाव करा.

डिझेलला फुल थ्रॉटलवर कंपनीचा आकडा गाठता आलाच पाहिजे. तो गाठत नाही आणि मागून काळा धूर येतोय, तर इंजिनावर भार जास्त आहे किंवा त्याचा श्वास कोंडलाय: मोठा पंखा, घाणेरडा तळ, तुंबलेला एअर फिल्टर, थकलेला टर्बो. सावकाश चालणाऱ्या डिझेल बोटींत एक्झॉस्टचा कोपरा काजळीने भरून भोक पेन्सिलीएवढं उरतं. हे मी दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा मालक इंजेक्टर बदलून थकले होते. मोठ्या डिझेलसाठी ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. त्यात सोडियम जास्त निघालं तर खारं पाणी शिरल्याचा संशय, लोखंड-तांबं जास्त तर झीज. आणि बोटीचा सर्व्हेअर इंजिन बघेलच असं गृहीत धरू नका. बरेच जण फक्त बोट बघतात, इंजिनाची तपासणी वेगळी सांगावी लागते.

९. परत आल्यावर

बोट बांधा, इंजिन बंद करा आणि वीस मिनिटं गप्पा मारा. मग पुन्हा सुरू करून बघा. गरम असताना सुरू व्हायला कुरकुर करणारी इंजिनं पहिल्या स्टार्टला शहाण्यासारखी वागतात. ऑइलची पट्टी दुसऱ्यांदा बघा, सकाळी स्वच्छ असलेलं ऑइल भाराखाली फिरल्यावर दुधाळ झालं असेल. तळाच्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग आलाय का, हेही बघा.

आता कागद समोर घ्या. पंखा, केबल, नळ्या, टाकी, तळाची साफसफाई, इंपेलर, थर्मोस्टॅट, बॅटरी यातलं काही निघालं तर घाबरू नका, तेवढे पैसे किमतीतून कमी करा. कार्बोरेटर, इंजेक्टर आणि इंधन पंप मधल्या गटात. त्यांचा खर्च मेकॅनिककडून लेखी घेतल्याशिवाय आकडा बोलू नका. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलेलं, ऑइलमध्ये पाणी, सिलिंडरात पाणी, गिअरमध्ये धातूचे तुकडे, तापून करपलेलं हेड: यातलं एकही असेल तर इंजिनाची किंमत शून्य धरा, तळातला फोम भिजलेला असेल तर बोटीची. मग उरलेल्या ट्रेलरला आणि नांगराला तुम्ही किती द्याल, तेवढंच सांगा.

कारण सापडलंच नाही, पण इंजिन ५०० आरपीएमने मागे आहे, असंही होईल. अशा वेळी आगाऊ रक्कम देऊ नका. तुमच्या पसंतीचा मेकॅनिक तुमच्या खर्चाने बोट बघेल आणि त्याने दोष सांगितला तर सौदा बांधील नाही, असं दोन ओळींत लिहून घ्या. आणि तो मेकॅनिक येईल त्या दिवशीही इंजिन गारच ठेवायला सांगा.